मरव्याचे हितचिंतक

मरवा हे झुडूप दुर्लक्षाने क्वचित आणि काळजीने हमखास मरते, हा नियम उद्यानविद्येच्या पाठ्यपुस्तकांत इतक्या उघड शब्दांत सापडत नसला, तरी भोपाळच्या कोलार रोडवरील मराठी घरांच्या गच्च्यांत एकात एक घालून ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या पाहिल्या असता त्याला वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. तुळस, सब्जा आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळातला मरवा. खोड चौकोनी, उंची फार तर हात-दीड हात, पाने करंगळीच्या नखाएवढी, राखाडी हिरवी, आणि त्यांवर बोट फिरवले तर मखमलीचा भास व्हावा इतकी बारीक लव. पान चुरगळले की येणारा वास गोडसर, किंचित कापराच्या अंगाने जाणारा असतो, आणि ज्याच्या आजीच्या वेणीत अबोलीच्या शेजारी मरव्याची काडी खोवलेली असे, त्या माणसाकडून तो वास आल्यावर पुढची काही मिनिटे कोणतेही व्यावहारिक काम होत नाही. या झाडाच्या बाबतीत घडणाऱ्या बहुतेक चुका त्याच काही मिनिटांत ठरतात.

लिनियसने १७५३ साली ज्याला 'ओरिगॅनम मेजोराना' हे शास्त्रीय नाव दिले, त्या मरव्याचे माहेर सायप्रस बेट आणि तुर्कस्तानचा दक्षिण भाग हे आहे, म्हणजे दगडी, चुनखडीचे उतार, डोळे दिपवणारे ऊन, हिवाळ्यात बेताचा पाऊस आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्याच सायप्रसच्या एका प्राचीन कथेत अमराकस नावाच्या राजसेवकाच्या हातून सुगंधी द्रव्याचे भांडे सांडते आणि त्याचा शेवट मरव्याचे झाड होण्यात होतो. एवढ्यातेवढ्याने जीव टाकण्याची ही हळवी वृत्ती झाडात पुढेही टिकून राहिली, असे भोपाळच्या अनुभवावरून म्हणण्यास हरकत नाही. संस्कृत वैद्यकात सुश्रुताच्या सुरसादी गणात, म्हणजे तुळशीपासून सुरू होणाऱ्या औषधींच्या यादीत, 'फणिज्झक' येतो, आणि भावप्रकाश हा निघंटू, म्हणजे वनस्पतींची नावे व गुण सांगणारा कोश, त्या नावाबरोबर 'मरुबक' आणि 'समीरण' हे पर्याय देतो. प्राचीन नावे आणि आजची झाडे यांची सांगड घालताना अभ्यासकांत होणारे वाद येथे बाजूला ठेवले, तरी 'समीरण' या शब्दापाशी थांबावेसे वाटते. समीरण म्हणजे वारा. मुळांशी हवा खेळती राहिली तरच हे झाड जगते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका शब्दात सगळी निगा सांगून झाली होती असे वाटू लागते. अडचण एवढीच, की पर्यायशब्द पाठ असणारी माणसे आणि कुंडीत पाणी ओतणारी माणसे सहसा वेगळी असतात.

आता स्थळाविषयी. कोलार रोड हा भोपाळच्या दक्षिण अंगाला चुनाभट्टीकडून निघून नर्मदेच्या कोलार नामक उपनदीवरील धरणाच्या दिशेने जाणारा रस्ता असून, सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नाटकातील कोलारशी त्याचा काही संबंध नाही, हे पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना दर दिवाळीला नव्याने समजावून द्यावे लागते. ललिता नगर, मंदाकिनी, सर्वधर्म, दानिश कुंज, बीमा कुंज अशा वसाहती त्याच्या दोन्ही अंगांना पसरल्या, आणि रस्ता अलीकडे सहा पदरी झाल्यामुळे पूर्वी चिखलात अडकणारी वाहने आता सिग्नलला अडकतात. ग्वाल्हेरला शिंदे होते, इंदूरला होळकर होते. भोपाळवर मात्र नवाबांनी आणि बेगमांनी राज्य केले, त्यामुळे येथला मराठी माणूस बहुतांशी सरदारकीने आलेला नसून बदलीच्या आदेशाने आलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूरचे राजधानीपण संपले आणि भोपाळचे सुरू झाले, तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर कारकून, अधिकारी आणि त्यांचे संसारही इकडे आले. त्या पिढीने सरकारी क्वार्टरच्या परसात तुळस, गवती चहा आणि अळू जगवले, आणि पुढच्या पिढ्यांनी निवृत्तीच्या पैशात कोलार रोडवर डुप्लेक्स, म्हणजे आतून जिना असलेले दोन मजली जोडघर, घेतल्यावर परसाऐवजी गच्ची पदरात पडली. मरव्याचा प्रश्न उद्भवतो तो या गच्चीत.

पहिला टप्पा रोप मिळवण्याचा. रोपवाटिकेत जाऊन 'मरवा' मागितला असता माळी तत्परतेने 'मरुआ' काढून देतो, आणि गिऱ्हाईक उच्चारभेदाकडे उदार मनाने दुर्लक्ष करून घरी येते. मात्र हिंदी मुलखात 'मरुआ' हे नाव खऱ्या मरव्याला लावतात तसे तुळशीच्या जातीच्या एक-दोन रानटी भावंडांनाही लावतात, आणि त्याच्याशी जुळणाऱ्या 'मड़ुआ' या शब्दाने बिहारकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नाचणी उभी राहते. कोणी कोणाला फसवत नाही, सगळे आपापल्या भाषेत खरेच बोलत असतात, आणि तरीही महिन्याभराने कुंडीत कमरेएवढी रानतुळस डुलत असते. खोड चौकोनी आहे का हे पाहणे ही परीक्षा येथे कुचकामाची ठरते, कारण ते दोघांचेही चौकोनीच असते. पानाचा आकार, त्यावरील लव आणि वास या तीनच गोष्टी भरवशाच्या. विशेष म्हणजे त्याच रोपवाटिकेच्या दर्शनी भागात, रोझमेरी आणि थाइम यांच्या पंक्तीला, 'स्वीट मार्जोरम' अशी पाटी मिरवणारी एक नाजूक काळी पिशवी बहुधा असते, आणि ती पिशवी म्हणजेच मरवा असतो. परंतु मराठी गिऱ्हाईक तिच्यावरील किंमत वाचून, असली विलायती थेरं आपल्याला काय करायची, अशा नजरेने तिला ओलांडते आणि आत जाऊन माळ्याला मरवा मागते.

रोप मिळाले की भाषेचा दुसरा अंक सुरू होतो, आणि तो घरकामाला येणाऱ्या बाईंशी किंवा आठवड्याला येणाऱ्या माळ्याशी घडतो. भोपाळच्या मराठी घरांतील हिंदी तीन पिढ्यांच्या सरावाने सफाईदार झालेली असली, तरी बागेच्या शब्दांपाशी ती अजून घसरते, कारण तेथे दोन्ही भाषांनी एकच शब्द घेऊन त्याचे दोन वेगळे संसार मांडले आहेत. मराठीत कुंडी म्हणजे झाड लावण्याचे भांडे, ज्याला हिंदीत 'गमला' म्हणतात. हिंदीत 'कुंडी' ही दाराची कडी. त्यामुळे 'ऊपर की कुंडी में पानी डाल देना' हा आदेश ऐकणारी बाई घटकाभर गच्चीच्या दाराकडे विचारात पडून पाहते. मराठीत खत झाडाला घालतात, उर्दूचा संस्कार मुरलेल्या भोपाळात ख़त टपालाने पाठवतात. तेव्हा 'मरुए को ख़त दिया क्या' या चौकशीत एखाद्या गझलेचा भास होतो, उत्तर मात्र मिळत नाही. सर्वांवर कडी करतो तो 'मावा'. मराठी शेतीच्या भाषेत मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस शोषणारी बारीक कीड. हिंदीत मावा म्हणजे खवा, आणि मावाबाटी ही तर या प्रांतात अगत्याने पुढे केली जाणारी मिठाई. 'मरुए पर मावा लग गया है' हे वाक्य करुण स्वरात उच्चारले असता ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूतीऐवजी जे कुतूहल उमटते, त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

तिसरा टप्पा मातीचा, आणि येथे विनोद थोडा आवरता घ्यावा लागतो, कारण मरव्याचे निम्मे आयुष्य येथेच ठरते. भोपाळचा परिसर माळव्याच्या काळ्या मातीचा आहे. लाव्हारसाच्या खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकण कण पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात, म्हणून पावसाळ्यात तिचा राडा होतो आणि उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. गव्हाला ती मानवते, हरभऱ्याला मानवते. कुंडीत कोंबलेल्या मरव्याला मात्र ती पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळेच घातक ठरते. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही जेथल्या तेथे असल्याची जी अवस्था, ती मरव्याच्या मुळांना बारा महिने हवी असते. त्यासाठी काळी माती एक हिस्सा, जाड वाळू एक हिस्सा आणि जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत अर्धा हिस्सा असे मिश्रण पुरते. अंड्याच्या टरफलांचा चुरा किंवा जुन्या भिंतीच्या चुन्याचा खडा घातला तरी चालतो, कारण किंचित अल्कधर्मी, म्हणजे आंबटपणाच्या उलट गुणाची, माती हे झाड गोड मानून घेते. जास्त खताने ते फोफावते खरे, पण वास पातळ होतो, आणि बिनवासाचा मरवा म्हणजे नुसता पाला. वाळूचा पुरवठा ही कोलार रोडवर अडचण कधीच नसते, कारण येथे प्रत्येक चार घरांमागे एका घराचे बांधकाम चालू असते आणि नर्मदेची वाळू, जिला येथे 'रेत' म्हणतात, रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेली असते; सायंकाळच्या फेरफटक्याला निघालेल्या निवृत्त गृहस्थांच्या हातात कापडी पिशवी का असते, याचा उलगडा एवढ्यावरून होतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. मरव्याला पाणी कधी घालावे याचे उत्तर सोपे आहे: तर्जनीचे पहिले पेर मातीत खुपसावे, ओल लागली तर हात मागे घ्यावा आणि घरात निघून जावे. यातील दुसरा भाग, म्हणजे काही न करता निघून जाणे, मराठी मध्यमवर्गीय संस्कारात बसत नाही. सकाळी सूर्याला अर्घ्य देऊन झाल्यावर तांब्यात उरलेले पाणी घरातील आजोबा तुळशीला घालतात आणि तिच्या शेजारच्या मरव्याला उपाशी ठेवणे बरे दिसत नाही म्हणून चार थेंब त्यालाही मिळतात. दहाच्या सुमारास आजी तांदूळ धुतलेले पाणी पौष्टिक म्हणून आणून ओततात. दुपारी कामाच्या बाई, कुंडी म्हणजे गमला हा उलगडा झाल्यापासून, आज्ञापालनात कसूर करत नाहीत. संध्याकाळी कचेरीतून दमून आलेली सून दिवसभर झाडाकडे कोणी पाहिले नसेल या अपराधी भावनेने नळी धरते. या चौघांची आपसांत मरव्याविषयी कधीच चर्चा होत नाही, कारण प्रत्येकाला आपण एकटेच त्याचे पाहतो असे वाटत असते. परिणामी मुळे कुजतात. आणि या झाडाचा खरा घात असा, की मुळे कुजली म्हणजे ती पाणी वर चढवू शकत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभा असलेला मरवा हुबेहूब तहानलेल्या मरव्यासारखा मान टाकतो. मान टाकलेली पाहून चौघांनाही एकच उपाय सुचतो.

इतिहासात मराठ्यांनी याच भोपाळच्या परिसरात नेमका याच्या उलट उपाय यशस्वी करून दाखवला होता, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडले, त्याची रसद तोडली, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे त्याला तह करण्यास भाग पाडले. समोरच्याला काहीही न पुरवता नुसते बसून राहण्यात केवढे सामर्थ्य आहे, हे ज्या मुलखात सिद्ध झाले, तेथेच पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतर मराठी माणसाला एका कुंडीची रसद दोन दिवस तोडणे जमू नये, याला काळाचा महिमा म्हणावे लागते. त्यातही विसंगती अशी, की धरणाचे नाव मिरवणाऱ्या या रस्त्यावरील अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षे बोअरवेल आणि टँकर यांवर दिवस काढले असून, मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर माणसांच्या आंघोळी बादलीवर मोजल्या जातात. मरव्याचे पाणी त्या मोजणीत कधीच धरले जात नाही. त्या महिन्यात त्याला खरोखर हवी असते ती दुपारच्या उन्हापासून सावली, आणि ती गच्चीवर कोणी देत नाही, कारण झाडाला ऊन लागतेच असे पुस्तकात लिहिलेले असते. कोरड्या उष्णतेत पानांच्या पाठीला लाल कोळी लागतो, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी, बारीक जाळी विणणारी कीड, आणि रस्त्यावरची धूळ राखाडी पानांवर बसलेली ओळखू येत नसल्यामुळे तो लागल्याचेही उशिरा कळते. शेजारच्या केरवा आणि कलियासोतच्या जंगलांत वाघ येऊन सुखाने राहतात. मरवा हे त्याहून अवघड जनावर आहे, असे मानणाऱ्यांची संख्या या वसाहतींत कमी नाही.

एवढ्यातून वाचलेल्या झाडाला पावसाळा गाठतो. भोपाळला वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकला जातो. भूमध्य समुद्राकाठच्या झाडाला हे स्नान सोसत नाही. आणि मरव्याची धार्मिक गरज निर्माण होते ती नेमकी या चार महिन्यांच्या शेवटाला, कारण गणेशचतुर्थीला वाहावयाच्या एकवीस पत्रींत, म्हणजे निरनिराळ्या झाडांच्या पानांत, मरुबकाचे, अर्थात मरव्याचे पान सांगितले आहे. फेब्रुवारीत, जेव्हा गच्चीवर मरवा नवरदेवासारखा मिरवत असतो, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. भाद्रपदात, जेव्हा कुंडीत चार काळपट काटक्या उरलेल्या असतात, तेव्हा सगळे घर त्यांच्याभोवती जमते. आघाडा रिकाम्या भूखंडांवर ढिगाने मिळतो, धोत्रा आणि रुई यांना कोलार रोडवर तोटा नाही, शमी आणि अर्जुनही शोधले तर सापडतात; अडते ते मरव्यापाशी. काही घरांत रोपवाटिकेतील रानतुळशीचे पान 'मरुआ' या नावाच्या बळावर वाहिले जाते, काही घरांत जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहण्याची शास्त्राने ठेवलेली सोय गुरुजी सुचवतात, आणि एखाद्या चिकित्सक घरात उरलेल्या काटकीला लोंबकळणारे शेवटचे पान खुडून देवाला वाहिले जाते, ज्यानंतर पूजा सांग होते आणि झाडही.

वास्तविक यावर तोड आहे, आणि ती ऑक्टोबरात करावयाची असते. फुलावर न आलेल्या फांदीचा बोटभर लांबीचा शेंडा कापावा, खालची पाने काढावीत, ओलसर वाळूत खोचावा आणि सावलीत ठेवून द्यावा. छाटकलम, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून रोप करण्याची ही रीत, मरव्याला चांगली मानवते आणि तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. बी फार बारीक असते आणि ते पेरणाऱ्याने आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. भोपाळचा हिवाळा मरव्याला आवडतो, मात्र पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरणाऱ्या एखाद्या रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवलेली बरी. त्याहून महत्त्वाची गोष्ट छाटणीची आहे. शेंड्यांवर हिरव्या गाठींसारख्या कळ्या धरू लागल्या की झाड एक तृतीयांशाने छाटावे लागते, नाहीतर खालच्या फांद्या लाकडासारख्या होतात आणि पाने विरळ पडतात. मराठी घरात ही छाटणी होत नाही. वेणीसाठी, देवासाठी, माहेरवाशीण येईल तेव्हासाठी म्हणून मरवा राखून ठेवलेला असतो आणि राखता राखता त्याचे जळण होते. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुडीतील ओरेगॅनो हा मरव्याचा सख्खा चुलतभाऊ आहे, एकाच 'ओरिगॅनम' वंशातला, आणि जर्मनीत खुद्द मरवाच सॉसेजमध्ये घालतात, असे नातवाने इंटरनेटवरून वाचून दाखवले तर आजी पुडीकडे आणि देवघराकडे आळीपाळीने पाहतात व विषय बदलतात. पुढच्या पिझ्झ्याच्या वेळी ती पुडी वेगळी काढून ठेवली जाते, पण ती टाकूनही दिली जात नाही, कारण वास ओळखीचा असतो.

या सर्व विवेचनाला छेद देणारे एक उदाहरण कोलार रोडच्या गल्ल्यांत पुष्कळदा आढळते, आणि ते म्हणजे शेजारच्या उत्तर भारतीय भाभीजींचा मरुआ. हा खरा मरवाच असतो, कारण तो एके काळी मराठी घरातूनच काडी मोडून नेलेला असतो. खाद्यतेलाच्या पत्र्याच्या डब्याला बुडाशी खिळ्याने भोके पाडून त्यात तो लावलेला असतो. माती अर्धी, बांधकामावरून आलेली रेत अर्धी. पाणी आठवण होईल तेव्हा. हिवाळाभर आठवड्यातून दोनदा भाभीजी येऊन त्याचे शेंडे भाजीच्या कात्रीने सपासप कापून नेतात, कारण त्यांच्याकडे पुदिन्यात हिरवी मिरची आणि मरुआ घालून चटणी वाटतात, आणि प्रत्येक कापणीनंतर तो डबा पहिल्यापेक्षा दाट भरतो. पाऊस सुरू झाला की डबा आपोआप सज्जाखाली ढकलला जातो, झाडाच्या काळजीने नव्हे, स्कूटर धुताना मध्ये येतो म्हणून. मराठी घरातून हे दृश्य रोज दिसते आणि त्यावर 'कसं ओरबाडतात बघा' एवढेच भाष्य होते. गणेशचतुर्थीच्या सकाळी मात्र पत्रींचे ताट मांडताना एकविसावी जागा रिकामी दिसली, की नातवाच्या हातात वाटी देऊन त्याला शेजारी पिटाळले जाते. भाभीजी ओल्या हातांनी ओंजळभर मरवा कापून वाटीत दाबून भरतात, आणि मुलगा फाटकापर्यंत पोचल्यावर मागून सांगतात, "बेटा, मम्मी से कहना, चटनी के लिए कम पड़े तो और ले जाना।"